मे महिन्याची आवक

मे महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, दुपारी बरोबर चार वाजता, आमच्या ऑफिसातले बडे बाबू उठायचे आणि दाराला आतून कडी लावायचे. मग कूलर बंद करायचे, कारण त्याच्या घरघरीत माणसाचं बोलणं ऐकू येत नाही असं त्यांचं म्हणणं. बाहेर साकोलीच्या रस्त्यावर डांबर वितळत असायचं आणि आत आम्ही सहा माणसं घामानं निथळत बसायचो. बडे बाबू आपली खुर्ची खोलीच्या मधोमध ओढायचे, डोक्यावरचा ओला दुपट्टा नीट करायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं. या महिन्यात कोणाचं काय चांगलं झालं, ते सांगा."

आमचं ऑफिस तलावांचं. तालुक्यातल्या जुन्या तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, पाण्याची दारं, पाट, त्यांची दुरुस्ती आणि त्यावरून गावागावांत होणारी भांडणं, हे सगळं कागदावर आमच्याकडे यायचं. मी तिथे लिपिक म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. घर आंधळगावला, वडिलांचे हातमाग. साकोलीत एक खोली भाड्यानं घेतली होती आणि पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज मनात लिहीत होते.

बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क. त्यांचं नाव ऑफिसच्या पाटीवर होतं, पण ते घेऊन हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. साहेबसुद्धा बडे बाबूच म्हणायचे. साहेब दर तीन वर्षांनी बदलायचे. बडे बाबू कसे कोण जाणे, तिथेच राहिले होते.

ते कागदाला टाचणी लावत नसत. बाभळीचे काटे लावत. दिवाळीनंतर शिपाई तुळशीरामला घेऊन पाटाच्या कडेला जायचे आणि वर्षभर पुरतील एवढे काटे तोडून आणायचे. बिस्किटाच्या डब्यात ते काटे लांबीप्रमाणे लावलेले असत. टाचणी गंजली की कागदाला डाग पडतो, काट्याचा पडत नाही, एवढंच त्यांचं कारण. ऑनलाइन कामकाज सुरू झालं तेव्हा आम्हाला वाटलं, आता काटे संपले. पण ते प्रत्येक ई-मेलची प्रत काढायचे आणि तिला काटा लावायचे.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे तलावांची नावं. जिल्ह्याच्या ऑफिसातून आलेल्या पत्रात एखाद्या तलावाच्या नावात काना किंवा अनुस्वार चुकला, की ते पत्र परत जायचं. एकदा एकच पत्र त्यांनी तीन वेळा परत पाठवलं. तिथल्या साहेबांनी चिडून फोन केला. बडे बाबूंनी शांतपणे सांगितलं, "साहेब, तलावाचं नावच चुकलं तं पाणी कोणाच्या बांधीत जाईन?" बांधी म्हणजे आमच्याकडचं भाताचं शेत.

गोड माणूस मात्र ते नव्हते. त्यांच्या टेबलाशेजारी एक माठ असायचा. त्यातलं पाणी ते रोज घरच्या विहिरीतून दोन कॅनमध्ये भरून सायकलवर आणत. कोणीही मागावं, ते स्वतः ओतून देत. पण माठाला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना चालत नसे. नवीन असताना मी एक फाईल चुकून त्या माठावर ठेवली. त्यानंतर ते अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काम असलं की चिठ्ठी पाठवायचे. बाराव्या दिवशी आपणहून ग्लास भरून माझ्या टेबलावर ठेवला आणि ते प्रकरण बंद झालं.

मे महिन्याच्या बैठकीचे त्यांचे नियम होते. मुलांचे मार्क सांगायचे नाहीत. विकत घेतलेली वस्तू सांगायची नाही. मोबाईलमधलं काही दाखवायचं नाही, तोंडानं सांगायचं. आणि एकाचं सांगून झालं की बाकीच्यांनी त्यावर काही बोलायचं नाही. वा म्हणायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, हसायचंही नाही. फक्त बडे बाबू मान हलवून म्हणायचे, "आवक." बाहेरून आलेला कागद आमच्याकडे आधी आवक नोंदवहीत चढतो, तोच हा शब्द. पण या गोष्टी ते कुठे लिहून ठेवत नसत.

मे महिनाच का, असं तुळशीरामनं एकदा विचारलं होतं. बडे बाबू म्हणाले, बाकीचे अकरा महिने माणूस अधूनमधून काही बरं बोलतो. मे लागला की सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त उन्हाचं बोलतो. तेच तेच ऐकून त्यांचं डोकं दुखायचं. वर्षातून एक तास तरी दुसरं काही कानावर पडावं, म्हणून हे सुरू केलं. कारण इतकं साधं होतं की आमचा त्यावर विश्वास बसला नाही.

माझ्या पहिल्या मेमध्ये मी सांगितलं की मामेबहिणीच्या लग्नाला गेले होते, खूप मजा आली. बडे बाबूंनी डोळे उघडले. "त्रुटी हाय," म्हणाले. "परत न्या. दुरुस्त करून आणा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि रागही आला. लग्नाला मी गेले होते हे खरं. पण मजा आली नव्हती. सगळे नातेवाईक माझं कधी, माझं कधी, हेच विचारत होते आणि मी गच्चीवर जाऊन बसले होते. हे त्या माणसाला कसं कळलं? मी ठरवलं, काही दुरुस्त करायचं नाही. पण त्या रात्रीपासून एक विचित्र खोड लागली. झोपण्यापूर्वी मन आपोआप महिना चाळू लागायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि सांगितलं, की त्या लग्नात गच्चीवर माझे वडील माझ्या मागून आले होते. शेजारी बसले आणि अर्ध्या तासानं म्हणाले, तुला पाहिजे तेव्हा कर, नाही केलंस तरी चालेल. बडे बाबू काट्यांचा डबा लावत होते. मान वर न करता म्हणाले, "आवक."

तुळशीरामचं दरवर्षी तेंदूपत्त्याचं असायचं. तो जंगलाकडच्या गावचा. मेमध्ये त्याच्या घरचे सगळे पहाटेच पानं तोडायला जात आणि मग अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत. एका वर्षी तो म्हणाला, "माझ्या मायले आता डोळ्यानं दिसत नाही. पण पुडा बांधाले बसली तं आमच्या सगळ्याहून पहिले तिचा होते. मी मोजून पाह्यलं. एक पान कमी नाही." त्या वर्षीच्या बैठकीतलं मला तेवढंच आठवतं.

आणि वंदनाताई. त्या माझ्या समोरच्या टेबलावर बसायच्या. त्यांचे यजमान याच ऑफिसात होते. छातीत कळ येऊन अचानक गेले, तेव्हा त्यांच्या जागी वंदनाताईंना नोकरी मिळाली. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा संगणकासमोर बसलेल्या बाईला बडे बाबूंनी बोट धरून सगळं शिकवलं, आणि चुकल्या की रागावलेसुद्धा भरपूर. मूलबाळ नव्हतं. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. नोकरी घेताना सासूला सांभाळीन असं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि त्या सांभाळतही होत्या.

बैठकीत त्यांची पाळी आली की त्या दरवर्षी म्हणायच्या, "माझं काही नाही." बडे बाबूंनी त्यांच्या सांगण्यात कधी त्रुटी काढली नाही. पहिल्या वर्षी ते म्हणाले होते, "ठीक आहे. कोरा कागदही आवक होते." मग दरवर्षी कोराच कागद.

पाचव्या मेमध्ये आमच्याकडे नवीन साहेब आले होते. तरुण, घाईतले. चार वाजता दाराला कडी लागलेली पाहून त्यांनी बाहेरून ठोठावलं. बडे बाबूंनी दार उघडलं आणि सांगितलं की बैठक आहे, बसायचं असेल तर बसा, पण तुमची पाळी तुळशीरामच्या नंतर. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते बसले. घाम पुसत पुसत त्यांनी सांगितलंसुद्धा, की एका तलावाची पाहणी करताना बूट काढून अनवाणी गाळात उतरलो, लहानपणानंतर पहिल्यांदा. बडे बाबूंनी आवक म्हटल्यावर साहेबांचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता.

मग वंदनाताईंची पाळी आली. मी त्यांच्या ओठांवरचे शब्द आधीच ऐकले होते. पण त्या म्हणाल्या, "मी लग्नाले हो म्हटलं."

त्यांनी खाली बघत पुढचं सांगितलं. बसस्थानकाजवळ मोटारी रिवाइंड करून देणारे एक गृहस्थ आहेत, त्यांची बायको वारून सहा वर्षं झाली. शेजारणीच्या विहिरीवरची मोटार दुरुस्त करायला ते आले होते, तिथे ओळख झाली. वर्षभर त्यांनी विचारलं नाही आणि वंदनाताईंनीही काही दाखवलं नाही. या महिन्यात त्यांनी विचारलं. वंदनाताई म्हणाल्या, "मी दोन दिवस मागितले होते. पण त्याच दिवशी हो म्हटलं. घरी अजून सांगितलं नाही. पहिले इथंच सांगून राहिली."

एरवी या खोलीत केवढी चर्चा झाली असती. कोण, कुठला, जात कोणती, सासूचं काय, नोकरीचं काय. साहेबांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं आणि तुळशीरामनं त्यांच्या गुडघ्यावर हळूच हात ठेवलेलाही पाहिला. नियमच तसा होता. बडे बाबूंचे डोळे मिटलेले होते. त्यांनी तो एक शब्द म्हटला आणि माझ्याकडे वळले. वंदनाताईंनी पदरानं कपाळ पुसलं. पाच वर्षांत त्यांना इतकं सैल बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्या सासूबाई ऑफिसात आल्या. वंदनाताई तेव्हा मागच्या खोलीत जुन्या नकाशांची यादी करत होत्या. म्हातारी काठी टेकत थेट साहेबांच्या दालनात गेली आणि एक अर्ज त्यांच्या समोर ठेवला. कोणाकडून तरी लिहून घेतलेला, पक्क्या सरकारी भाषेतला. माझ्या मुलाच्या जागी हिला नोकरी मिळाली, आता ही दुसरं लग्न करून मला वाऱ्यावर सोडत आहे, तरी तिची नोकरी काढून घ्यावी, असा त्याचा मजकूर. साहेब गोंधळले. लग्न केलं म्हणून नोकरी जात नाही हे त्यांना ठाऊक होतं; पण सांभाळण्याचं लिहून दिलेलं होतं, अर्ज नोंदवला की चौकशी लागणार, वर पाठवावं लागणार, आणि वंदनाताईंचं नाव जिल्हाभर फिरणार. त्यांनी म्हातारीला बडे बाबूंकडे पाठवलं. आवक करायचं काम त्यांचंच होतं.

बडे बाबूंनी अर्ज पूर्ण वाचला. मग उठून माठातलं पाणी ग्लासात ओतलं, तिच्या हातात दिलं आणि खुर्ची ओढून तिला बसवलं. "माय, अर्ज घेतो मी," ते म्हणाले. "पण एक सांगा. आता गेला त्या मे महिन्यात तुमचं काही चांगलं झालं का?"

म्हातारीला वाटलं, हा माणूस थट्टा करतो आहे. ती म्हणाली, माझं आता काय चांगलं होणार. बडे बाबूंनी वाद घातला नाही. ते आपल्या कामाला लागले. कागद जुळवत, काटे लावत राहिले. मी माझ्या टेबलावर बसून टाइप करत असल्याचं सोंग करत होते. पंधरा मिनिटं गेली असतील, वीसही असतील. म्हातारीनं पाणी संपवलं आणि ग्लासाकडे बघत बोलू लागली.

"एका दिवशी मी पडवीत निजली होती. रांधणीतून हासण्याचा आवाज आला. मले वाटलं, शेजारच्या घरातून येऊन राहिला. उठून पाह्यलं तं आमचीच सून. फोनवर बोलता बोलता हासून राहिली. पोरगा गेल्यापासून आमच्या घरात कोणी हासलं नव्हतं बावा. मले लय बरं वाटलं. मंग शेजारणीकडून माहीत पडलं काहून हासली, अन् राग आला."

"पहिले बरं वाटलं ना?"

"हो."

"मंग राग कायचा आला?"

म्हातारीनं रिकामा ग्लास टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "सून तं जाईन निघून. मी त्या घरात एकटी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

बडे बाबूंनी अर्ज पुन्हा उचलला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "हे तं यात कुठंच नाही."

"लिहिणाऱ्यानं इचारलंच नाही," म्हातारी म्हणाली.

बडे बाबू मागच्या खोलीत गेले आणि वंदनाताईंना घेऊन आले. सासूला समोर पाहून त्यांचा चेहरा उतरला. बडे बाबूंनी अर्ज घडी करून म्हातारीच्याच हातात ठेवला, मला खुणेनं उठवलं आणि आम्ही दोघं बाहेर आलो. कडुनिंबाखाली उभे राहिलो. जूनची पहिली दुपार होती आणि ऊन अजून मेचंच होतं. मी विचारलं, आत भांडण झालं तर? ते म्हणाले, होऊ द्या, पाच वर्षं त्या दोघी भांडल्याच नाहीत. मला त्यांचा राग आला, कारण त्यांना खरोखर काही माहीत नव्हतं. तेही माझ्यासारखेच दाराकडे बघत होते, आणि दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होते.

आतून आधी म्हातारीचा चढलेला आवाज आला, मग वंदनाताईंचा. तो तर मी पहिल्यांदाच ऐकला. अर्ध्या तासानं दोघी बाहेर आल्या, तेव्हा वंदनाताईंचे डोळे लाल होते आणि म्हातारीनं त्यांच्या दंडाला धरलं होतं. वंदनाताईंनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. पुढचं मला त्यांच्याकडूनच कळलं. म्हातारीनं त्यांना एकच विचारलं होतं, की तो मोटारवाला मले ठेवून घेईन का. वंदनाताईंनी सांगितलं, त्याच्याकडे जायचंच नाही आहे, तोच आपल्या घरी राहायला येणार आहे. हे तर पहिल्या दिवशीच ठरलं होतं. तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती, एवढंच. जूनच्या शेवटी लग्न झालं. जेवणाच्या पंगतीत म्हातारी नव्या जावयाच्या, म्हणजे आता मुलाच्या, पानात आग्रहानं भात वाढत होती. बडे बाबू त्या पंगतीत माझ्या शेजारी बसले होते आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होते.

पुढच्या एप्रिलअखेर ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला नाही म्हणाले आणि काट्यांचा डबा सायकलला बांधून निघून गेले. मे महिना आला, गेला, आणि शेवटच्या दिवशी चार वाजता आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. वंदनाताई म्हणाल्या, "चला ना, त्यांच्याच घरी जाऊ." साहेबांनी आम्हा दोघींना तासभर आधी सोडलं.

बडे बाबूंचं घर गावाच्या टोकाला, तलावाच्या पाळीजवळ. ते पडवीत बाजेवर बसले होते. एका महिन्यात वाळल्यासारखे दिसत होते. आम्हाला पाहून खूश झाले, पण दाखवलं नाही. काकूंनी पन्हं आणलं. त्यांना मी तोवर दोन-तीनदाच पाहिलं होतं. बुटक्या, सावळ्या, कमी बोलणाऱ्या.

बडे बाबूंनी डोळे मिटले आणि विचारलं. मी माझं सांगितलं. वंदनाताईंनी त्यांचं सांगितलं, सासू आणि नवरा मिळून आता त्यांच्याविरुद्ध कट कसे करतात ते. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी रिकामे ग्लास उचलणाऱ्या काकूंना विचारलं, "काकू, तुमचं?"

काकू थबकल्या. "माझं? मले तं यायनं कधी इचारलंच नाही. तीस वर्षं झाली."

बडे बाबूंचे डोळे उघडले. खरंच सांगते, मी त्यांना तेवढं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू मी काही मदत करीन. काकू ग्लास घेऊन आत गेल्या. आम्हाला वाटलं, विषय संपला. पण त्या पदराला हात पुसत परत आल्या आणि पायरीवर बसल्या.

"मी रोज पहाटे पाळीवर जातो फिराले," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. एकटीच. तिकडच्या टोकापावेतो जातो, थोडी बसतो, वापस येतो. हे तेव्हा निजून रायते. आता घरी बसले तं मागच्या हप्त्यात म्हणाले, मी पण येतो. मी म्हटलं, नका येऊ." त्या जराशा हसल्या. "मी यायले आजपर्यंत कधी नाही नव्हतं म्हटलं. म्हटलं, अन् चालली गेली. लय बरं वाटलं मले त्या दिवशी."

वंदनाताईंनी तोंडावर पदर घेतला. बडे बाबू बाजेच्या दोरीत बोट अडकवून बसले होते. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, "काय रायते तिकडच्या टोकाले?"

काकू सांगू लागल्या. मेमध्ये पाणी आटतं आणि तळाची माती दिसते, तिथे बगळे उतरतात. एक मोठा, काळ्या मानेचा, रोज एकाच जागी उभा असतो. पलीकडच्या गावच्या बाया डोक्यावर सरपण घेऊन येतात, त्यातल्या दोघींशी ओळख झाली आहे. एकीच्या नातवाचं नाव काकूंनीच सुचवलं आहे. बडे बाबू मध्ये मध्ये विचारत होते. कोणत्या गावच्या बाया? किती वाजता येतात? तो पक्षी मागच्या वर्षीही होता का? या तलावाची लांबी, रुंदी, किती बांध्या ओलीत होतात, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. हे त्यांना माहीत नव्हतं.

आम्ही निघालो तेव्हा अंगणात उतरेपर्यंत त्यांचं बोलणं कानावर येत होतं. काकू म्हणत होत्या, "उद्या चला मंग. पण मागं मागं चला, अन् गोठ लावू नका, चूप चला."

दोन वर्षांनी माझी भंडाऱ्याला बदली झाली. त्याआधी जोवर साकोलीत होते तोवर कधी पहाटे जाग आली, की मी तलावाकडे चक्कर मारत असे. काकू पाळीवरून पुढे चालत असायच्या, हातात काठी. त्यांच्या मागे वीस पावलांवर बडे बाबू, डोक्याला दुपट्टा, हात पाठीमागे बांधलेले. दोघांपैकी कोणीच बोलत नसायचं. तिकडच्या टोकाला पोचल्यावर काकू दगडावर बसायच्या आणि सरकून शेजारी जागा करायच्या.